सात नंबरची बोट

मी निघोज्याला गेलो होतो तो खुर्ची आणायला. हे मी आजवर किमान चाळीस जणांना सांगितलं आहे आणि चाळीसही जणांनी "असं का" म्हणून विषय बदलला आहे. पण खरं ते खरं. माझी मुलगी साक्षी दहावीला होती, तिला अभ्यासाला फिरती खुर्ची हवी होती, आणि चाकणकडच्या कंपन्यांतून निघालेलं जुनं फर्निचर निघोज्याच्या भंगारवाल्यांकडे चांगलं मिळतं, ही माहिती मला आमच्या विमा शाखेतल्या शिपायाने दिली होती. शिपायाची माहिती साहेबाच्या माहितीपेक्षा नेहमीच पक्की असते. खुर्च्या खरोखर चांगल्या होत्या. त्यांच्या मागे बोट होती.

आता ज्या गावाहून समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं, त्या गावच्या माणसाला भंगारात बोट दिसली तर त्याने काय करावं? जरा वेळ बघावं, मोबाइलवर एक फोटो काढावा आणि खुर्ची घेऊन घरी यावं. मीही तेच करणार होतो. फोटो काढायला पुढे झालो तर बोटीच्या नाकाडावर एक पितळी पाटी दिसली. थुंकी लावून अंगठ्याने पुसली. 'त्रिवेणी फायबर वर्क्स, भोसरी. बोट क्र. ७.'

माझे बाबा, कोंडीराम गायकवाड, यांनी त्रिवेणी फायबरमध्ये बावीस वर्षं काम केलं. तिथे पाण्याच्या टाक्या व्हायच्या, रिक्षाची टपं व्हायची, बसची तोंडं व्हायची. आणि मध्येच कधीतरी शेठच्या डोक्यात आलं म्हणून बोटी झाल्या. मोजून नऊ. टाक्या किती झाल्या, बाबांना आठवत नाही. बोटी मात्र आमच्या घरात नातेवाइकांसारख्या वावरल्या. बादली गळली की बाबा म्हणायचे, आमच्या बोटीत थेंब आला न्हाई. स्लॅब गळला की तेच. गणितात मला कमी मार्क पडले तेव्हासुद्धा बोटींचाच दाखला दिला गेला, तो नेमका कसा हे मला अजून कळलेलं नाही. पण त्या नऊतली एकही बोट आमच्या घरात कुणी पाहिलेली नव्हती. शेड कधीच बंद पडली, जागेवर मंगल कार्यालय झालं. आई, म्हणजे गिरजाबाई, अलीकडे सरळ म्हणायची की मला तर वाटतं टाक्याच केल्या असतील, उलट्या करून बघितल्या असतील.

तर मी त्या पाटीसमोर उभा राहिलो आणि खुर्चीचे पैसे बोटीत गेले. वर आणखीही गेले, पण तो भाग माझी बायको अंजली जास्त चांगला सांगते.

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीचं नाव सरोवर हाइट्स. सरोवर नाही. जानेवारीपासून जे काही पाणी येतं ते टँकरने. अशा सोसायटीच्या फाटकावर सोळा फुटांची बोट घेऊन टेम्पो आला तेव्हा वॉचमनने शांतपणे मोबाइल काढला आणि ॲपवर नोंद करायला घेतली. ॲपमध्ये पाहुणा, कॅब, कामवाली मावशी आणि डिलिव्हरी एवढेच प्रकार होते. त्याने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डिलिव्हरी दाबलं. क्षणात अंजलीच्या मोबाइलवर संदेश गेला की आपलं पार्सल आलं आहे, स्वीकारायचं का. तिने स्वीकारलं. तिला वाटलं खुर्ची.

बोट पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उतरवली आणि मी कासारवाडीला फोन केला. बाबा आणि आई अजून कासारवाडीच्या जुन्या घरातच राहतात. फ्लॅटमध्ये बाबांना झोप लागत नाही. म्हणतात, रेल्वेचा आवाज न्हाई, म्हंजी रात झाली का न्हाई कळत न्हाई. अर्ध्या तासात रिक्षातून दोघं आली. बाबा थेट बोटीकडे गेले. बोटीला एक फेरी मारली. बोटाच्या पेराने चार-पाच ठिकाणी ठोकून पाहिलं, जसं कलिंगड बघतात. मग चप्पल काढून आत चढले, गुडघ्यावर बसले आणि बसायच्या फळीखाली डोकं घातलं. डोकं बराच वेळ आत होतं. बाहेर काढलं तेव्हा ते माझ्याकडे असं पाहत होते की मला गहिवरून आलं.

"चांगली हाय," ते म्हणाले. एवढंच.

आई बोटीकडे पाहत म्हणाली, म्हणजे केल्या होत्या खरंच.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी सुमनताई खाली आल्या. सुमनताई तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या आणि आमच्या वागण्यात त्यांना अजून सुधारणेला वाव दिसतो. त्यांचं म्हणणं, पार्किंग हे वाहनासाठी, आणि वाहन म्हणजे दुचाकी किंवा चारचाकी. मी म्हटलं, हे जलवाहन आहे. त्यांनी विचारलं, चाकं किती.  मग कमिटीची तातडीची बैठक झाली. तीत बोट ही बांधकाम साहित्यात बसते का, फर्निचरमध्ये बसते का, यावर दीड तास चर्चा झाली. एका निवृत्त गृहस्थांनी तिला कुत्र्यांचा नियम लावावा असं सुचवलं, म्हणजे पाळायला हरकत नाही पण लिफ्टने न्यायची नाही. शेवटी सुमनताईंनीच मार्ग काढला. गणपतीच्या मंडपाचं सामान पंचेचाळीस दिवस आवारात ठेवायला परवानगी आहे. बोट मंडपाच्या सामानात धरण्यात आली. जानेवारी महिना होता, पण नियमात महिना लिहिलेला नव्हता. मला एक छापील पत्र मिळालं. त्यात माझा उल्लेख 'मंडप साहित्यधारक' असा होता. विमा क्षेत्रात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे लागतं.

खरा ताप सुरू झाला तो ज्योतीराम तांडेलांमुळे. तांडेल आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, चाकणच्या एका कंपनीत देखभाल खात्यात आहेत, मूळचे रत्नागिरीकडच्या एका बंदरातले. गावी त्यांच्या भावाचा ट्रॉलर. हा ट्रॉलर दत्तोबा मेस्त्रींनी बांधलेला, आणि दत्तोबा मेस्त्रींनंतर जगात कुणी होडी बांधलेली नाही, लोकांनी नुसती लाकडं जोडली, असं तांडेलांचं ठाम मत. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत ते मला हे मत अनेकदा देऊन झाले होते. आता त्यांच्या दारात फायबरची बोट आली. ते तिच्याभोवती हात मागे बांधून फिरले आणि म्हणाले, टाकी चांगली आहे.

बाबा तिथेच उभे होते. त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण दोघंही एकमेकांना अहो-जाहो करत होते. बाबा म्हणाले, लाकूड कुजतं. तांडेल म्हणाले, लाकूड कुजण्याआधी सांगतं, फायबर सांगत नाही. बाबा म्हणाले, सांगायची येळच येत न्हाई. तांडेलांनी दत्तोबा मेस्त्रींचं एक वादळ सांगितलं. बाबांनी त्रिवेणीची बोट ट्रकवरून पडली तरी तडकली नाही तो प्रसंग सांगितला. दूरच्या बंदरातल्या मेस्त्रीची आणि बंद पडलेल्या शेडची बाजू घेऊन दोन मोठी माणसं दुपारच्या उन्हात उभी होती आणि मला ऑफिसला उशीर होत होता.

वाद मिटवायला बाबांनी परीक्षा ठरवली. पाण्यात बोट घालता येत नाही तर बोटीत पाणी घालायचं. जे आतलं बाहेर जाणार नाही ते बाहेरचं आत येणार नाही. शास्त्र म्हणून यात काही खोट नव्हती. खोट एवढीच, की हा प्रयोग मी ऑफिसात असताना झाला आणि त्यासाठी आवारातल्या बागेचा पाइप वापरण्यात आला, आणि त्या दिवशी टँकर आला नव्हता. चार वाजता अंजलीचा फोन आला. तिसऱ्या मजल्यापासून वर नळ कोरडे होते, बोट काठोकाठ भरली होती, आत सोसायटीतली सात मुलं होती, आणि बोट तीन ठिकाणी गळत होती. गळालेलं पाणी उतारावरून थेट लिफ्टच्या खड्ड्यात गेलं आणि लिफ्ट बंद पडली. लिफ्टमध्ये सुमनताई होत्या.

त्यांना बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, हे फार वाईट. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र सगळे बोलले. त्या दिवसापासून माझं नाव कॅप्टन पडलं. दूधवालासुद्धा कॅप्टन म्हणायला लागला. तांडेलांनी फक्त गळत्या बोटीचा फोटो टाकला आणि खाली काही लिहिलं नाही. त्यांच्या संयमाचा मला जास्त राग आला.

मला वाटलं बाबा खचतील. उभ्या आयुष्याचा एक दावा, तोही सात पोरांच्या साक्षीने फुटला. पण बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला हजर. अंगात जुनी खाकी पँट, हातात डबा. कासारवाडीहून चालत आले होते. आईने फोनवर सांगितलं की पहाटे उठून त्यांनी भाकरी मागितली, डब्यात द्यायला. चौदा वर्षांनी तिने डबा भरला होता. म्हणाली, डब्याची कडी गंजली होती रे, कढईत तेल टाकलं त्यातलंच थोडं लावलं.

मग रोज तेच. साडेसातला यायचं, बाराला बोटीच्या सावलीत बसून डबा खायचा, साडेतीनला हात धुवायचे आणि जायचं. पहिली पाळी. रविवारी सुट्टी. मी म्हटलं, बाबा, रविवारी मला वेळ असतो, तेव्हा करू. तर म्हणाले, रविवारी शेड बंद असती.

भोसरीतून रेझिनचे डबे आणले, काचेच्या धाग्याची चटई आणली. बाबांनी भेगा घासून रुंद केल्या, चटईचे तुकडे हाताने फाडले. कात्रीने कापायचे नसतात, कडा जुळत नाहीत. रेझिनमध्ये थेंब थेंब हार्डनर टाकायचा, ढवळायचं, आणि ते मिश्रण घट्ट व्हायच्या आत ब्रशने चटईत जिरवायचं. मग रोलरने बुडबुडे काढायचे. एक बुडबुडा राहिला तर तिथून पाणी येतं, आज नाही तर दहा वर्षांनी. मी सकाळचा अर्धा तास मदतीला उतरायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना काम करताना पाहत होतो. लहानपणी पाहिलं होतं ते काम करून आलेलं माणूस, आंघोळीला बसलेलं, हाताला खोबरेल चोळणारं. ते का चोळत होतं हे मला आता कळलं, कारण फायबरची धूळ अंगाला लागली की जी खाज सुटते तिला तोड नाही. शाखेत विभागीय व्यवस्थापकांच्या बैठकीत मी पाठ खुर्चीला घासत होतो. त्यांनी विचारलं, काही म्हणायचंय का. मी म्हटलं, नाही साहेब. पण पाठ थांबेना, तेव्हा त्यांनी माझं मत विरोधी म्हणून नोंदवून घेतलं.

रेझिनच्या वासाने सी विंगमध्ये तक्रारी आल्या. एकीने लिहिलं की नेलपॉलिशच्या बाटलीत राहिल्यासारखं वाटतं. सुमनताईंनी कामाची वेळ ठरवून दिली. साडेसात ते साडेतीन. बाबा म्हणाले, बाई समजूतदार हाय.

मधल्या काळात मी बोट कायदेशीर करायच्या मागे लागलो. पंचेचाळीस दिवस संपत आले होते, बोट पाण्यात न्यायची तर परवानगी हवी. एका कार्यालयात गेलो, तिथे सगळे फार सौजन्याने वागले, पण त्यांच्याकडच्या फॉर्ममध्ये चासी नंबर लागत होता. त्यांनी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथल्या गृहस्थांनी चहा पाजला आणि सांगितलं की पाणी आमचं, बोट आमची नाही. तिसरं कार्यालय समुद्राकाठी होतं. त्यांना फोन लावला तर त्यांनी विचारलं, बंदर कोणतं. मी पिंपळे सौदागर म्हटलं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला सांगितलं. मग त्यांनी नीट समजावलं, की आधी बोट बांधणाऱ्याचा दाखला आणा. बांधणारा जागेवर नाही, तिथे आता लग्नं लागतात, हे मी त्यांना सांगू शकलो नाही.

उपाय बाबांनीच सुचवला, पण जरा नाखुशीनेच. त्रिवेणीची एक बोट चाकणच्या पुढे डोंगरात, एका धरणाच्या फुगवट्यावर मच्छीमारांच्या सोसायटीतल्या एकाने घेतली होती. ती असेल तर तिचे कागद असतील, कागदांवर दाखल्याची नक्कल असेल. मी रविवार ठरवला. बाबा दोनदा म्हणाले, कशाला तेवढ्या लांब. मला वाटलं, प्रवासाला कंटाळले. तांडेल न बोलावता गाडीत येऊन बसले. फायबरची दुसरी टाकी बघायला मिळत असेल तर का सोडा, असं त्यांचं म्हणणं.

बोट होती. तिचा मालक म्हणजे मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, भीमराज नावाचा साठीचा, उन्हाने रापलेला माणूस. आम्ही त्रिवेणीचं नाव काढताच त्याने घरात चहा सांगितला आणि पुढचा पाऊण तास आम्हाला बोलू दिलं नाही. त्याच्या वडिलांनी ही बोट आणली. तेव्हापासून या पाण्यात अकरा बोटी आल्या आणि गेल्या, त्रिवेणी आहे. दोन रिसॉर्टवाले मागायला येऊन गेले, त्याने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. लोक म्हणतात नवी घे. तो म्हणतो, नवी कशाला, जुनी वाईट निघाली की घ्यायची ती नवी. तांडेल ऐकत होते आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलत होता. दत्तोबा मेस्त्रींबद्दल ते स्वतः याच सुरात बोलत.

मग मी सांगितलं की हे कोंडीराम, त्रिवेणीत बोटी यांनीच बांधल्या. भीमराज उठला आणि त्याने बाबांचे पाय धरले. बाबा एवढे संकोचले की खुर्चीसकट मागे सरकले. आणि आमच्याकडेही त्रिवेणीचीच बोट आहे, मी अभिमानाने म्हणालो, क्रमांक सात.

भीमराजने कप खाली ठेवला.

"सात माझी हाय," तो म्हणाला.

मी मोबाइलवर पाटीचा फोटो दाखवला. त्याने तो पाहिला आणि आम्हाला काठावर नेलं. बोट ओढून ठेवलेली होती. तिची पाटी चिंचेने घासून लखलखीत, आणि तिच्यावर सात. मग त्याने बसायची फळी उचलली आणि म्हणाला, बघा. फायबरच्या आत, शेवटच्या थराखाली, पेन्सिलीने लिहिलेली पाच नावं होती. कामगारांनी चटई बसवायच्या आधी लिहिली होती आणि वर रेझिन चढल्याने काचेखाली ठेवल्यासारखी राहिली होती. तिसरं नाव कोंडीराम. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही यायची तेच अक्षर, तोच खाली लांब ओढलेला र.

आमच्या बोटीत फळीखाली काही नव्हतं. ते मी पाहिलं नव्हतं. बाबांनी पाहिलं होतं, पहिल्याच दिवशी, बराच वेळ डोकं आत घालून.

भीमराजने उरलेलं सांगितलं. त्या काळी धरणावरच्या सगळ्या हॉटेलवाल्यांना त्रिवेणीचीच बोट हवी असायची, आणि त्रिवेणी वर्षाला दोन करायची. तेव्हा भोसरीतच, पलीकडच्या गल्लीत, कुणीतरी तसल्याच बोटी काढल्या आणि पाट्या कोरून घेतल्या.

मी बाबांना बाजूला घेतलं. मला राग आला होता, लाज वाटत होती, दोन्ही एकदम. विचारलं, माहीत होतं तर बोलला का नाहीत?

"तू एवढ्या हौसंनं आणलीस," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "आनि म्हैनाभर हाताला काम हुतं."

"पण खोटी पाटी लावलीय बाबा त्यांनी. तुमच्या नावावर."

बाबांनी पाण्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटत होता तसला काहीच त्रास नव्हता. "खोटी नोट कुनी फाटक्या नोटंची छापतं का?" ते म्हणाले. "चालत्या नोटंचीच छापत्यात."

 परतताना गाडीत मी तांडेलांच्या टोमण्याची वाट पाहत होतो. महिन्याभराचा हिशेब चुकता करायची एवढी चांगली संधी त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. चाकणच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ते मागून म्हणाले, आमचा ट्रॉलर सहा वर्षांपूर्वी मोडला. भावाने आता फायबरची घेतलीय. मी गावी गेलो तरी तिच्यात बसत नाही.

बाबा पुढे बसले होते. मागे न वळता ते म्हणाले, मेस्त्री कुठं असत्यात आता? तांडेल म्हणाले, वारले. पोरगा पुण्यात आहे, फर्निचरचं बघतो. मग बाबांनी दत्तोबा मेस्त्री फळी वाकवायचे ती वाफेवर की आगीवर, असं विचारलं, आणि पिंपळे सौदागर येईपर्यंत ते दोघं बोलत राहिले. मला कुणी काही विचारलं नाही.

राहिला बोटीचा प्रश्न. मंडप साहित्याची मुदत संपायला आठ दिवस होते. परवानगीचा एकच मार्ग होता, मच्छीमार सोसायटीने बोट आपल्या परवान्यात घ्यायची. भीमराजला फोन केला तर त्याने साफ नकार दिला. पलीकडच्या गल्लीची बोट आमच्या पाण्यात नको. मी सांगितलं, तिचा तळ सगळा नवा केलाय, कोंडीरामांनी केलाय. तो म्हणाला, बघतो. दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून तो सरोवर हाइट्सच्या फाटकात उभा. ॲपने त्याला पाहुणा म्हणून घेतलं. तो बोटीखाली पाठीवर झोपला आणि हात फिरवत फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. दुपारच्या वेळी सुमनताई गॅलरीतून बघत होत्या. बाबा बाजूला उभे होते आणि पहिल्यांदा मला ते घाबरलेले दिसले, निकालाच्या दिवशी साक्षी दिसेल तसे.

भीमराज बाहेर आला, शर्ट झटकला. "बुड त्रिवेणीचं हाय," तो म्हणाला. अट एकच, खोटी पाटी काढायची. बाबांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. तो आधीपासून खिशात होता.

फळीचं काम राहिलं होतं. जुनी बसायची फळी फुगली होती. तांडेल संध्याकाळी एक फळी घेऊन आले. काळपट, जड, एका कडेला खिळ्यांची भोकं. त्यांच्या बाल्कनीत तुळशीची कुंडी जिच्यावर ठेवलेली असायची तीच. ट्रॉलर मोडला तेव्हा भावाकडून एवढीच आणली होती. बाबांनी तिच्यावरून हात फिरवला, मापात बसवायला दोन बोटं कापावी लागतील म्हणाले. तांडेल म्हणाले, कापा. आणि कापताना दुसरीकडे बघत राहिले.

मार्चच्या एका रविवारी सकाळी बोट पाण्यात गेली. आमच्या मागे दोन गाड्या आल्या होत्या. एकीत सुमनताई होत्या. त्यांचं म्हणणं, मंडप साहित्य आवाराबाहेर गेल्याची खात्री सेक्रेटरीने करायची असते. भीमराजच्या माणसांनी बोट ढकलली. ती जरा डुलली आणि सरळ उभी राहिली. सगळे तळाकडे बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोरडी. साक्षीने टाळ्या वाजवल्या. तांडेल वल्ही घेऊन चढले, मी चढलो, आणि बाबांना हात दिला.

बाबा काठावरच उभे राहिले. मला वाटलं, पायाखाली चिखल आहे म्हणून. मी पुन्हा हात पुढे केला.

"मी कधी बसलेलो न्हाई," ते म्हणाले.

मी विचारलं, म्हणजे? बाबा म्हणाले, बोट झाली की ट्रकवर चढवायची, ताडपत्री बांधायची, ट्रक गेटाभायेर जायचा. पाणी ज्यांचं त्यांनी बघितलं. आमी दुसरी टाकी घ्यायचो.

नऊ बोटी. बादल्या, स्लॅब, माझे गणिताचे मार्क. आणि हा माणूस एकदाही पाण्यावर गेला नव्हता, आणि आमच्यापैकी कुणी कधी विचारलंही नव्हतं.  तेवढ्यात आईने लुगड्याचा ओचा वर खोचला, माझा हात धरला आणि सरळ चढून फळीवर बसली. म्हणाली, ह्यांनी केलीय ना, मग. तांडेलांनी वल्हं खाली ठेवलं, पुढे वाकून बाबांना दोन्ही हातांनी धरलं आणि सांगितलं की पाय मधोमध टाका, नजर माझ्याकडे ठेवा, खाली बघू नका. बाबांनी नजर त्यांच्याकडे ठेवली आणि आले.

फुगवट्याच्या मध्यापर्यंत गेलो. वारा नव्हता. तांडेल इतक्या सावकाश वल्हवत होते की आवाज होत नव्हता. बाबा आईजवळ बसले होते, एक हात फळीला घट्ट, दुसरा हात तळाला टेकवलेला. दर थोड्या वेळाने तो हात वर घेऊन बघत, कोरडा आहे का. आई म्हणाली, कोरडाच आहे, आता बघा जरा बाहेर. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मग परत येईपर्यंत खाली घातली नाही.

काठावर भीमराज थांबला होता. त्याने बाबांना उतरवून घेतलं आणि मोठ्या उत्सुकतेने विचारलं, कशी वाटली बोट.

बाबा चप्पल घालत होते. त्यांनी एकदा वळून मागे पाहिलं.

"बोट चांगली हाय," ते म्हणाले. "पन पानी लई असतंय राव."